कॅमेऱ्याबाहेरची खुर्ची

"ये सारी आदतें जिसमें हैं, वो हाथ खड़ा करे," ट्रेनर मॅडम म्हणाल्या.

कुणी हात वर केला नाही. मग माझ्या शेजारच्या हरमीतने माझ्याकडे बोट दाखवलं. तिचं बघून मागच्या रांगेतल्यांनी दाखवलं. बघता बघता सगळी टीम माझ्याकडे बोट करून हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं ते. 'ही काय, ही इथेच बसलीय की' असं हसणं होतं.

पडद्यावर सवयी होत्या. प्रमोशन मिळवून देणाऱ्या सवयी. वेळेच्या आधी या. सांगितलं त्याहून थोडं जास्त करा. नव्या माणसाला शिकवा. कुणी चूक दाखवली तर तोंड पाडू नका. साहेबाचं ओझं हलकं करा. आमच्या मोहालीच्या ऑफिसने त्या मॅडमना त्यासाठी खास दिल्लीहून बोलावलं होतं.

"अरे वाह," मॅडम खूश झाल्या. "तो आप किस पोस्ट पर हैं?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर माझ्या साहेबांनी दिलं. पहिल्या रांगेतून, मागे न वळता.

"ये हमारी नींव है, मॅम. नींव दिखती थोड़ी है."

परत हशा झाला. हा हशा मला लागला. त्या गडबडीतच साहेब वळले आणि मला मराठीत म्हणाले, "अगं, ते कागद वाट ना सगळ्यांना. बसलीयस काय नुसती."

कागद म्हणजे त्याच सवयी, छापून आणलेल्या. मी उठले. वाटले. ज्यांना मी हाताला धरून काम शिकवलं, आणि जे आता माझ्या वर बसतात, त्यांच्याही हातात दिले. प्रत्येकजण 'थँक यू' म्हणाला. पंजाबात लोक थँक यू मनापासून म्हणतात, त्यात खोट नाही. एक कागद उरला. तो मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी मान वर करून बघितलंही नाही.

घरी आले. मोहालीजवळच्या खरड गावात, माझ्या भाड्याच्या खोलीत चप्पल काढून तशीच भिंतीला टेकून बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसता थकवा होता, अंगभर.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, एका तालुक्याच्या गावची. बाबा एस.टी.च्या डेपोत गाड्या धुवायचे. आई स्वतःचं घर आवरून दुसऱ्यांची आवरायची. नागपूरला वसतिगृहात राहून मी बी.फार्म केलं आणि नोकरी लागली ती थेट इकडे. घरी मोहाली कुणाला ठाऊक नव्हतं, चंदीगड म्हटल्यावर कळलं. आई म्हणाली, "लय दूर वं बाई. पण जाय तू. अठी राहून काय करतं?" भिंतीवरच्या कोटातल्या फोटोला हार घालून मी निघाले. तो फोटो कुणाचा ते सांगायची गरज नाही. आमच्या प्रत्येक घरात तो असतो.

आमचं काम असं. परदेशातल्या दवाखान्यांची बिलं विमा कंपनीकडे जातात. कंपनी त्यातली काही नाकारते. ती नाकारलेली आमच्याकडे येतात. का नाकारलं ते बघायचं, कागद जोडायचे आणि परत भांडायचं. त्याला अपील म्हणतात. तिकडची एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. नाकारलं तर कारण द्यावं लागतं. लेखी द्यावं लागतं. नुसतं 'नाही' म्हणून दार लावून घेता येत नाही. दार लावलंच तर आम्ही परत ठोठावतो, कारण मिळेपर्यंत. हे काम मला जमलं. जमणारच. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या 'नाही' ऐकलेलं, पण कारण विचारायची सोय कुणाला होती?

सुरुवातीचे दिवस बरे गेले. बरे का गेले तेही सांगते. इथे माझं आडनाव कुणाला वाचता येत नव्हतं. इथे जात नाही असं कुणी म्हणत असेल तर साफ खोटं. हरमीतच्या गावातही वस्ती वेगळी आहे, तीच सांगते, सांगताना आवाज खाली करते. ऑफिसातले संडास धुणारे कोण आहेत, ते बघायला डोळे पुरतात. पण माझं आडनाव त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. त्यांच्यासाठी मी 'महाराष्ट्रावाली', बस्स. घरमालकीण आंटी पहिल्याच आठवड्यात पराठे घेऊन आल्या, माझ्या खाटेवर बसल्या, माझ्या पेल्यातून पाणी प्यायल्या. त्या गेल्यावर मी त्या पेल्याकडे बघत बसले होते. जन्मात पहिल्यांदा मला कुणी तोलून बघत नव्हतं. सकाळी गुरुद्वाऱ्याचा भोंगा, ऑटोची ओढाताण, फ्लायओव्हरखालची गर्दी, हिवाळ्यात पुढचं काही दिसू न देणारी धुंध, सगळं मला चालत होतं. पाठ ताठ झाली होती माझी.

मग केदार सर आले, तेच हे माझे साहेब. पुण्याचे. आमच्या विभागाचे मुख्य म्हणून.

पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "अगं, मराठी का तू? वा! कमालच झाली."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ऑफिसात मला कुणी 'अगं' म्हणालं त्याला युग लोटलं होतं. डोळ्यांत पाणीच आलं, येड्यासारखं.

"सर-बिर त्या लोकांसाठी," ते म्हणाले. "तू मला दादा म्हण. परक्या मुलखात आपणच आपल्याला. गाव कुठलं म्हणालीस?"

सांगितलं.

"अच्छा, विदर्भ. हे आडनाव तिकडे बऱ्याच जणांत असतं ना? म्हणजे नक्की कुठले तुम्ही?"

हा प्रश्न मला नवा नाही. शाळेत ऐकला, वसतिगृहात ऐकला, खोली शोधताना दारात उभं राहून ऐकला. इथे येऊन विसरले होते. तो प्रश्न पुण्याहून माझ्यामागे आला, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून.

"बौद्ध," मी म्हणाले.

"अच्छा अच्छा." हसू होतं तसंच राहिलं. "वाटत नाही हं तुझ्याकडे बघून. बोलतेस पण किती शुद्ध."

त्यांच्या मते हे कौतुक होतं.

तरी मी दादा म्हणायला लागले. माणसाला आपल्या भाषेची भूक असते हो. त्यांनी एका रविवारी जवळच पंचकुल्याला घरी जेवायला बोलावलं, चंदीगडच्या आसपास वेगवेगळ्या कंपन्यांत असलेल्या आम्हा चार-दोन मराठी पोरापोरींना. मी सेक्टरच्या मार्केटमधून बर्फी घेऊन गेले. वहिनींनी हसून डबा घेतला. बाकीच्या मुली स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला शिरल्या, तशी मीही पदर खोचून शिरले. वहिनींनी मला खांद्याला धरून हलकेच बाहेर वळवलं. "तू बस गं बाहेर. पाहुणी आहेस तू."

बाकीच्या मुलीही पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या घरच्या झाल्या, मी पाहुणी. मी सोफ्यावर बसून आतल्या बांगड्यांचा आवाज ऐकत होते. जेवण छान होतं, आग्रह करकरून वाढलं. माझी बर्फी शेवटपर्यंत ओट्यावर होती, बंद डब्यात.

मी स्वतःला म्हणाले, जाऊ दे. नोकरी महत्त्वाची. हे 'जाऊ दे' माझं फार जुनं आहे. आईचंही तेच. कुणी मला विचारलं नाही म्हणून सांगते, प्रमोशनच्या सवयींत ही सवय लिहायची राहिली होती.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. केदारदादा मला मराठीत सांगायचे ती कामं वेगळी होती. "अगं, कॉफीचं बघ जरा." "अगं, पाहुण्यांना गेटवरून घेऊन ये." "अगं, दिवाळीची रांगोळी तूच काढ, तुला हात आहे." आणि मान, ओळख, जबाबदारी हे सगळं ईमेलमधून यायचं, इंग्रजीत. त्यात माझं नाव नसायचं. मराठी माझ्या वाट्याला चहा-कॉफीपुरती उरली. इतरांना वाटायचं, हिची काय मजा आहे, साहेब हिच्या घरचे आहेत. हरमीत तर एकदा म्हणाली, "तेरा तो सेट है यार, भाई बना रखा है."

आणि ती खुर्ची. ती नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबलं.

दवाखान्यांच्या लोकांशी आमचा व्हिडिओ कॉल असतो. आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. टीम लीड कॅमेऱ्यासमोर बसतो आणि कुठलं बिल का अडलं ते सांगतो. आता लीड नवा असला की त्याला सगळं ठाऊक नसतं. म्हणून केदारदादांनी शक्कल काढली. डाव्या हाताला, भिंतीला लागून, कॅमेऱ्यात येणार नाही अशी एक चाकाची खुर्ची ठेवली. तिथे मी बसायचं. तिकडून प्रश्न आला की मी भराभर उत्तर टाईप करायचं. ते लीडच्या स्क्रीनवर दिसायचं. तो वाचायचा. तिकडचे लोक म्हणायचे, एक्सलंट. लीड म्हणायचा, थँक यू. मी टाईप करत असायचे.

पहिल्यांदा हरमीतसाठी बसले. तिला मीच शिकवलं होतं. दादा म्हणाले होते, "तू तुझ्यासारखं एक माणूस तयार कर, मग तुला वर न्यायला मला सोपं जाईल." मी तयार केलं, आणि वर ते माणूस गेलं. मग पानिपतचा एक मुलगा आला, त्यालाही तयार केलं. तोही गेला. दर वेळी दादांचं तेच, "पुढची तुझीच." ऑफिसात त्या खुर्चीला सगळे 'दीदी की सीट' म्हणायला लागले. साफसफाईवाल्यांनासुद्धा माहीत होतं, ती हलवायची नाही.

नंतर सई आली. पुण्याचीच, वहिनींच्या नात्यातली. मुलगी वाईट नाही. मला 'ताई' म्हणायची, डब्यातलं द्यायची, घ्यायची. काम मीच शिकवलं. आणि त्या सवयींच्या कार्यक्रमानंतर लगेच ईमेल आला, टीम लीड म्हणून सईचं नाव.

त्या दिवशी मी पहिल्यांदा दादांच्या केबिनमध्ये न बोलावता गेले. दार लावलं. उभ्यानेच विचारलं, "दादा, मी का नाही?"

"बस तरी," ते म्हणाले. मी बसले नाही.

"हे बघ, तुझ्या सवयी फार चांगल्या आहेत. मेहनती आहेस. पण सवयी लावून घेता येतात गं. लीडरचं एक वळण असतं. ते घरातून येतं. त्याला तू तरी काय करणार? तुझा दोष नाही तो."

त्यांना वाटलं पटतंय. मग प्रेमाने म्हणाले, "आणि तुम्हा लोकांचं बाकी सगळीकडे होतंच की आपोआप. इथे तरी मेरिटवर चालू दे."

खासगी कंपनी. राखीव काही नाही, कधी नव्हतं. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन आलेली मी. आणि 'तुम्हा लोकांचं'. ते ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते इतकं मऊ बोलत होते, समजूत काढल्यासारखं. बाहेर काचेपलीकडे टीम बसलेली. कुणीही बघितलं असतं तर वाटलं असतं, मोठा भाऊ बहिणीला काही चांगलं सांगतोय.

आई एरवी रात्री फोन करते, पण त्या दिवशी बाहेर पडल्या पडल्या लाईट पॉइंटला, म्हणजे सिग्नलला, ऑटोची वाट बघतानाच तिचा फोन आला. "झालं काय वं तुयं ते प्रमोशन?"

"नाई झालं, माय."

"काऊन?"

'तुझ्या घरातून वळण आलं नाही म्हणाले,' हे आईला कसं सांगू? ज्या बाईने एका लुगड्यावर दिवस काढून मला पेन-वह्या पुरवल्या, दुसऱ्याच्या घरची भांडी घासून आल्यावर माझ्या वेणीला रिबीन बांधली, गावात कुणाच्या दारात मला हात पसरू दिला नाही. तिचं वळण.

"काऊन म्हनून विचारून राह्यली मी," आई म्हणाली. "कारन त सांगतलं असंन ना त्याईनं."

"सांगतलं."

"मंग?"

मी म्हणाले, नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला. ऑटो आला. मी बसले. सगळ्या रस्त्याने आईचा 'मंग' कानात होता. परक्यांच्या बिलांसाठी मी दिवसभर तेच विचारते. का नाकारलं, कुणी ठरवलं, कशावरून. स्वतःसाठी मी बंद दाराआड एकदा विचारलं, त्यांनी मऊ आवाजात माझ्या आईला शिवी दिली, आणि मी दार उघडून गुपचूप बाहेर आले.

सईचा पहिला कॉल त्याच आठवड्यात होता. सकाळी धुंध होती. ऑटोवाला जेमतेम चालवत होता, तरी मी वेळेच्या आधी पोचले. सवय. खोलीत सगळे जमले होते. सई कॅमेऱ्यासमोर, नवा ब्लेझर घालून, हात चोळत. हरमीत, पानिपतवाला, बाकीचे टेबलाभोवती. केदारदादा उभे. डावीकडे भिंतीशी ती खुर्ची.

"ये गं," दादा म्हणाले. "बस तुझ्या जागेवर."

राग आला असं लिहायला बरं वाटलं असतं. राग नव्हता. कंटाळा होता. हाडात शिरलेला कंटाळा. त्या खुर्चीपर्यंत चालत जायचंसुद्धा माझ्याने होईना.

"ती माझी जागा नाही," मी म्हणाले.

ते हसले. "अगं, नाटकं नकोत आता. ते लोक येतील लाईनवर. बस चल, शहाणी ना तू."

मी सगळ्यांकडे बघितलं. हरमीत फोन बघत होती. पानिपतवाला समोसा खात होता. त्यांच्या देखत चाललं होतं आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हे सगळं भर ऑफिसात, सगळ्यांसमोर, उजेडात चालत आलं होतं. सई येईपर्यंत ऐकणारी मी एकटी. दादांनी माझ्याशी मराठी धरली ती प्रेमाने नव्हे. जे हिंदीत बोलायची त्यांची छाती झाली नसती, ते सगळं त्यांनी माझ्या आईच्या भाषेत माझ्या अंगावर टाकलं होतं.

"सर," मी म्हणाले. 'दादा' म्हटलं नाही. "हिंदी में बात करते हैं. सबको समझना चाहिए."

हरमीतने मान वर केली.

"मैंने सर से पूछा था, मुझे लीड क्यों नहीं बनाया. सर ने मराठी में जवाब दिया. मैं आपको बताती हूँ. सर ने कहा, लीडर के संस्कार घर से आते हैं, मेरे घर में वो नहीं हैं. और कहा, तुम लोगों का तो हर जगह अपने आप हो जाता है, यहाँ तो मेरिट रहने दो. 'तुम लोग' मतलब मेरी जात."

माझा आवाज कापत होता. पण शब्द नीट येत होते. केदार सरांचा चेहरा लाल झाला.

"व्हॉट नॉनसेन्स," ते म्हणाले. मग माझ्या जवळ येऊन, दात दाबून, परत मराठीत, "अगं, घरातल्या गोष्टी घरात ठेवायच्या असतात."

तेही मी हिंदीत केलं. "सर कह रहे हैं, घर की बात घर में रखो. मैं सर के घर की नहीं हूँ. इनके घर में मुझे रसोई से बाहर बिठाया था."

सईने तोंडावर हात धरला. त्या घरात तीही तेव्हा येऊन-जाऊन होती, की नव्हती, मला ठाऊक नाही. 

मग मी ती खुर्ची ओढली. भिंतीपासून टेबलापर्यंत आणली, सईच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर. बसले. स्क्रीनच्या कोपऱ्यात मला मी दिसले. केस विस्कटलेले, नाक थंडीने लाल. तेवढ्यात तिकडचे लोक आले. त्यांच्यातल्या एका बाईने मला बघून विचारलं, आपली भेट झाली नाही वाटतं?

मी नाव सांगितलं. आडनावासकट.

कॉल झाला. सईला जे आलं ते सई बोलली, मला विचारलं ते मी. छप्पर कोसळलं नाही.

पुढचं कुणी टाळ्या वाजवण्यासारखं नाही. एचआरच्या मॅडमनी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "देखिए जी, सर कह रहे हैं लैंग्वेज का मसला है. आपने कुछ ग़लत समझ लिया." मी म्हणाले, "माझी मातृभाषा आहे ती, मला ती समजते." हे मी मराठीतच बोलून गेले आणि मग त्यांना हिंदीत सांगितलं. मराठी पोरापोरींच्या फोनवरच्या ग्रुपमधून वहिनींनी मला काढलं. त्यातल्या एकाने खासगीत लिहिलं, कशाला वाढवलंस, बाहेर आपलीच अब्रू जाते. आपली म्हणजे कुणाची, ते त्याने लिहिलं नाही. हरमीत कॅन्टीनमध्ये माझ्या समोर येऊन बसली. बराच वेळ कप फिरवत होती. "बंदा ग़लत है," म्हणाली. "पर मैं लिख के नहीं दे सकती यार. मुझे भी तो लीड बने रहना है." मी म्हणाले, ठीक आहे. ठीक नव्हतं. सई जिन्यात भेटली. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं." मी म्हणाले, "आता झालंय ना माहीत. मग?" मी खाली उतरले.

मी लेखी विचारलं आहे. मला का नाकारलं, कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं. उत्तर आलं, 'नेतृत्वासाठी अजून तयार नाही.' हे कारण नव्हे. असलं उत्तर विमा कंपनीने दिलं असतं तर मी त्याच दिवशी परत पाठवलं असतं. म्हणून मी परत पाठवलं. वळण म्हणजे काय ते लिहा, म्हटलं. कुणाचं घर, कुठलं घर, ते लिहा. ते पुन्हा टोलवतील. मी पुन्हा पाठवीन. कामगार आयुक्त आहेत, कोर्ट आहे, मला पत्ते ठाऊक आहेत. आणि नाही म्हटलं तरी हे काम मी पोटासाठी करत आलेय, माझा हात त्यात बसलेला आहे.

आईला सगळं सांगितलं. तिच्या वळणाबद्दल काय म्हणाले तेही. मग म्हणाली, "नोकरी सोडून येतं काय वं?"

"नाई येत."

"हाव," ती म्हणाली. "नोको येऊ."

लोक विचारतात, आता राजीनामा कधी देणार. देणार नाही. मी का जाऊ? थकलेय, हे खरं आहे. सकाळी उठवत नाही. पण जायचं कुणी, हे मला एकटीला ठरवता येत नसेल, तर ते तरी एकटे कसे ठरवतील?

सवयी मात्र टाकल्या. वेळेच्या आधी जात नाही. कागद वाटत नाही. रांगोळी काढत नाही. नवं माणूस शिकवायला दिलं तर आधी विचारते, हे माझ्या कामात धरणार का, लिहून द्या. 'जाऊ दे' म्हणत नाही.

उद्या सकाळी परत कॉल आहे. ऑफिस दहाचं, मी दहाला जाईन. ती खुर्ची कुणी पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवलेली असेल, रोज ठेवतात. मी ती ओढून कॅमेऱ्यासमोर आणीन आणि बसेन. मला तिथून उठवायचं असेल तर उठवा. पण सगळ्यांना कळेल अशा भाषेत उठवा.